ठाणे शहराची एक दिवसाची खासगी सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मी चरईत वाढले, शाळा तलावपाळीच्या परिसरात, लग्नानंतर नौपाड्यात. म्हणजे माहेर आणि सासर यांच्यातलं अंतर चालत पंधरा मिनिटं. गेली काही वर्षं छोट्या गटांना ठाणं फिरवून दाखवते. खाली जे आहे ते माझ्या सहलीपुरतं. दुसऱ्या कुणाबरोबर जात असाल तर त्यांचे नियम वेगळे असतील.

ठाण्यात बघण्यासारखं आहे तरी काय?

हा प्रश्न पुण्याहून, नागपुराहून येणारे विचारतात ते समजू शकते. पण तीस वर्षं ठाण्यात राहिलेले काकाही विचारतात, तेव्हा मी त्यांना सांगते, काका, दिवस द्या, मग बोलू.

खरं उत्तर असं, की ठाण्याचं जे जुनं आहे ते तिकीट काढून बघण्याच्या जागी उरलेलं नाही. किल्ल्यात तुरुंग आहे. शिलाहार राजघराण्याच्या राजधानीवर भाजी मार्केट, कोर्ट आणि रिक्षा स्टँड आहेत. देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, तिथे आज सकाळी आठ वाजता पाय ठेवायला जागा नसते. सगळं वापरात आहे. त्यामुळे नुसतं फिरून काही दिसत नाही. योग्य जागी उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं. जयपूरसारखे महाल बघायचे असतील तर निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवते. नंतर वाईट वाटायला नको.

ठाणं नक्की किती जुनं?

किल्ल्यात १७८७ साली पाया खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरी याने दिलेल्या दानाचे ते पत्र, शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७. त्यात या गावाचं नाव श्रीस्थानक असं आहे. त्यावरूनच ठाणं. म्हणजे लेखी पुरावाच हजार वर्षांच्या पलीकडचा. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो इथल्या बंदराचा उल्लेख करतो आणि खाडीतल्या चाच्यांबद्दल तक्रारही. पुढे गुजरातचा सुलतान, १५३४ च्या तहानंतर पोर्तुगीज, १७३७ मध्ये मराठे, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रज. हे सगळे एकाच खाडीसाठी आले. ते लक्षात ठेवलंत तर सनावळ्या विसरलात तरी चालेल.

खासगी सहल म्हणजे काय? इतर लोक असतात का?

नाही. तुमचंच कुटुंब, तुमचाच मित्रपरिवार. दोन माणसांपासून आठपर्यंत. आठाच्या वर मी घेत नाही, कारण जांभळी नाक्याच्या गर्दीत नववा माणूस हमखास हरवतो. एकदा बारा जणांचा गट घेतला होता. त्यातले दोन मामा कांदे-बटाट्याचा भाव करत मागे राहिले आणि एकदम तलावावर भेटले, हातात पिशव्या. दिवसभर त्या पिशव्या आम्ही आळीपाळीने वागवल्या.

दिवसाचा क्रम कसा असतो?

सकाळी साडेसातला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला भेटायचं. स्टेशन, बाजारपेठ, जांभळी नाका, कोपिनेश्वराचं मंदिर, मासुंदा तलाव (हीच तलावपाळी), तलावाकाठचं चर्च. मग न्याहारी. त्यानंतर कोर्ट नाका, तुरुंगाची भिंत, टेंभी नाका, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मराठी ग्रंथसंग्रहालय. दीडच्या सुमारास जेवण. दुपारनंतर अंबरनाथ किंवा घोडबंदर, दोन्हींपैकी एकच. सहा-साडेसहापर्यंत मोकळे. दुपारी गळालात तर अर्ध्या दिवसावरही थांबता येतं, त्यात काही कमीपणा नाही.

स्टेशनवर कशाला वेळ घालवायचा? ते तर रोजच बघतो.

म्हणूनच. १६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारचे साडेतीन. बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी निघाली, पुढे तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. आत सुमारे चारशे निमंत्रित. एकवीस तोफांची सलामी. एकवीस मैल, म्हणजे चौतीस किलोमीटर कापून गाडी ठाण्याला आली. ज्या नाना शंकरशेटांनी रेल्वे यावी म्हणून आधी कितीतरी वर्षं खटपट केली, त्यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे.

हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं. माझा मुद्दा निराळा आहे. गाडी ठाण्याला आली ती इथे तेव्हा खाडी होती, बंदर होतं, पलीकडे कल्याण आणि घाटमाथ्याचा माल होता म्हणून. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, खाडीवर पूल बांधून गाडी कल्याणला पोचली. पूल झाला आणि बंदराचं महत्त्व गेलं. म्हणजे ज्या गाडीचा ठाणेकरांना एवढा अभिमान, तिनेच जुन्या ठाण्याचा धंदा बसवला. हे मी पादचारी पुलावर उभं राहून सांगते. तिथून खाडीची दिशा कळते, आणि पूर्वेला चेंदणी कोळीवाडा कुठे आहे तेही दाखवता येतं.

किल्ला आतून बघता येतो का?

नाही. तिथे ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे. बाहेरून बघायचं, आणि भिंतीचे किंवा दाराचे फोटो काढायचे नाहीत. पोलीस हटकतात आणि त्यांचं बरोबरच असतं. मागे एका गटातल्या आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, "मावशी, किल्ल्यात जेल आहे की जेलमध्ये किल्ला?" मी अजून उत्तर शोधते आहे.

पण बाहेर उभं राहण्याचा तो अर्धा तास माझ्या मते दिवसातला सगळ्यात मोलाचा. पोर्तुगीजांनी मराठ्यांच्या धास्तीने हा किल्ला बांधायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आत, १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. दोन वर्षांनी वसई पडली. वसईची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, तिची सुरुवात या भिंतीशी झाली हे फारसं कुणाला माहीत नसतं.

मग त्रिंबकजी डेंगळे. दुसऱ्या बाजीरावांचा उजवा हात. १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, ठपका त्रिंबकजींवर आला आणि इंग्रजांनी त्यांना पेशव्यांकडून मागून घेऊन इथे कोंडलं. पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई ठेवले. विचार असा, की देशी माणूस फितूर होईल, गोरा होणार नाही. गोरे फितूर झाले नाहीतच, पण त्यांना मराठीही येत नव्हतं. एका अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार नोकरीला लागला. तो खिडकीखाली घोड्याला खरारा करत गाणी म्हणायचा. पहारेकऱ्यांना वाटे, गडी आपल्या नादात गातोय. आत बसलेल्या माणसाला त्या गाण्यातून कळत होतं घोडा कुठे आहे, माणसं कुठे दबा धरून बसली आहेत. १८१६ च्या सप्टेंबरात, एका पावसाळी अंधाऱ्या संध्याकाळी, भिंतीला पाडलेल्या भोकातून त्रिंबकजी पसार झाले. बिशप हेबर नावाचे इंग्रज धर्मगुरू आठ-नऊ वर्षांनी या भागात आले, तेव्हा लोकांच्या तोंडी ही हकिकत ताजी होती आणि त्यांनी ती आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली. पेशवे आणि इंग्रज यांच्यातलं पुढचं वितुष्ट, १८१७ चा पुणे तह, त्यानंतरचं युद्ध, या साखळीतली एक कडी ही भिंत आहे. दोन वर्षांनी त्रिंबकजी पुन्हा पकडले गेले आणि चुनारच्या किल्ल्यात रवाना झाले. तिथे खिडकीखाली मराठी गाणारं कुणी नसणार.

याच तुरुंगात २ मे १८४८ ला इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना फाशी झाली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला इथेच फाशी दिलं. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. गटात बारावीची मुलं असली की मी वय सांगते आणि गप्प बसते.

कोपिनेश्वर की कौपिनेश्वर?

दोन्ही म्हणतात, वाद घालू नका. आजचं मंदिर १७६० च्या सुमाराचं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधलेलं. देवस्थान मात्र शिलाहारांच्या काळापासूनचं मानतात. आत गेल्यावर पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण थबकतो, कारण पिंडी. कमरेच्या वर येईल एवढी उंच आणि एका माणसाच्या कवेत न मावणारी. पिंडी खाली आणि आपण वर, ही आपली सवय. इथे बेल वाहायला हात वर न्यावा लागतो. बाहेर पडलं की लगेच फुलांच्या टोपल्या, भाजीचे ढीग, "चला ताई, पालक दहा" हा पुकारा. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा इथूनच निघते, त्या दिवशी सहल नसते. मी स्वतःच नऊवारी नेसून यात्रेत असते. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला रांगेत दोन तास जातील, ते दिवसही टाळा.

चर्च आणि सिनेगॉगमध्ये जाता येतं का?

तलावाकाठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेची वेळ सोडून शांतपणे बसता येतं. पोर्तुगीज काळाशी नातं सांगणारं हे चर्च. इथल्या ख्रिस्ती इतिहासाला त्याच्याही आधीचा धागा आहे: १३२१ मध्ये टोलेंटिनोचे थॉमस हे धर्मप्रसारक आणि त्यांचे फ्रान्सिस्कन पंथाचे सोबती ठाण्यात मारले गेले, आणि मागून आलेल्या ओडोरिक नावाच्या प्रवाशाने त्यांच्या अस्थी पार चीनपर्यंत नेल्या. सातशे वर्षांपूर्वी ठाणे ते चीन, हा प्रवास ऐकला की लोकलच्या गर्दीबद्दल तक्रार करायची लाज वाटते.

टेंभी नाक्याजवळचं शार हाशामाइम हे सिनेगॉग १८७९ चं, बेने इस्रायली समाजाचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. त्यांची मातृभाषा मराठी, आडनावं पेणकर, नवगावकर अशी कोकणातल्या गावांवरून. पूर्वी शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आत जायला आधी परवानगी लागते आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. म्हणून आधार कार्डाची प्रत मी आठ दिवस आधी मागते. परवानगी नाही मिळाली तर बाहेरून बघतो, रुसायचं नाही. शनिवारी आणि त्यांच्या सणांना प्रश्नच नाही. जवळच्या अग्यारीत पारशी सोडून कुणालाच प्रवेश नसतो, ती बाहेरूनच.

ग्रंथसंग्रहालयात काय बघणार? पुस्तकं?

हो, पुस्तकं. १ जून १८९३ ला हे मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, फक्त मराठी पुस्तकांसाठी. स्थापनेत वि. ल. भावे होते, मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणाऱ्या ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते. ज्यांना पुस्तकांचं वेड नाही ते वीस मिनिटं बाहेर चहा घेऊ शकतात. ज्यांना आहे त्यांना मीच ओढून बाहेर काढते.

दुपारी अंबरनाथ की घोडबंदर?

मला विचाराल तर अंबरनाथ, दहापैकी नऊ वेळा. लोकलने पाऊण तासाच्या आत स्टेशन, तिथून रिक्षा. शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६० हे साल आहे. सकाळभर मी ज्या शिलाहारांच्या नुसत्या गोष्टी सांगते, त्यांनी उभं केलेलं इथे प्रत्यक्ष हाताला लागतं. काळ्या दगडात भूमिज शैलीचं मंदिर, बाहेरच्या भिंतींवर तसूभर जागा मोकळी नाही. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या खाली उतरतात. चार पायऱ्या उतरलं की उकाडा संपतो, पायाला ओला गारवा लागतो, आणि मान वर केली तर छताच्या जागी आकाश. शिखराचा माथा उघडा आहे. तिरपं ऊन येतं तेव्हा उजेडाचा पट्टा भिंतीवरून सरकताना दिसतो. मी पन्नासेक वेळा तरी गेले असेन, अजून त्या पायरीवर बोलता येत नाही. बाजूने वालधुनी वाहते, तिची आजची अवस्था बघून मात्र नाक आणि मान दोन्ही फिरवावी लागते.

घोडबंदरचा किल्ला खाडीवर छान आहे, हवा चांगली, पण रस्त्यावरच्या वाहतुकीचा भरवसा नाही. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

फ्लेमिंगो याच दिवशी दाखवाल का?

नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि ऐरोलीहून बोट सुटते, पण बोट भरती-ओहोटीवर चालते, आपल्या वेळापत्रकावर नाही. पहिल्या वर्षी मी हट्टाने दोन्ही एका दिवसात बसवलं. गाडी ठरवली होती, गाडीवाला दोन तास उशिरा आला, फोनवर "बस, पाच मिनिटं मॅडम" चालूच. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा पाणी उतरलेलं आणि बोट निघून गेलेली. चार जणांचे पैसे परत केले. तेव्हापासून पक्ष्यांसाठी वेगळा दिवस, हिवाळा ते मे.

म्हणूनच गाडी देत नाही का?

मुख्यतः म्हणूनच. शिवाय तलावपाळीला गाडी लावायला जागा शोधणं ही स्वतंत्र सहल आहे. जुनं ठाणं चालत संपतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर टप्प्याटप्प्याने रिक्षा करू, मीटरने.

आजी-आजोबांना झेपेल का? लहान मुलं?

सकाळी साधारण चार किलोमीटर चालणं होतं, मध्ये बसत-बसत. अंबरनाथच्या पायऱ्या उंच आहेत आणि पावसाळ्यात निसरड्या, तिथे आजींना मंडपातच बसवतो. आजी-आजोबा बरोबर असले की सहल जास्त रंगते, हा माझा अनुभव. एका आजींनी तलावाकडे बोट करून सांगितलं की लहानपणी इथे किती मोकळं दिसायचं, आणि पुढची पंधरा मिनिटं मी श्रोता होते. सहा वर्षांखालच्या मुलांना अर्धा दिवस पुरे. तलावात बोटिंग केलं की ती खूश.

शौचालयाची सोय?

विचारलंत ते बरं केलंत, बऱ्याच बायका विचारायला लाजतात. न्याहारीच्या ठिकाणी, ग्रंथसंग्रहालयात आणि जेवणाच्या ठिकाणी थांबे तसेच लावले आहेत. अंबरनाथला निघायच्या आधी मी सगळ्यांना आठवण करते.

खाण्याचं काय?

न्याहारीला मामलेदार मिसळ. पहिल्यांदा येत असाल तर कमी तिखट मागा. "आम्ही कोल्हापूरचे" म्हणून छाती काढणारे दोन जण मी पाण्यासाठी धावताना पाहिले आहेत. मिसळ नको असेल तर नौपाड्यातला गजाननचा वडापाव, त्याच्याबरोबरच्या पिवळ्या बेसनाच्या चटणीसाठी. दुपारी साधी थाळी, शाकाहारी किंवा मासे. आधी सांगितलंत आणि वालाचा मोसम असला तर चरईतल्या एका ओळखीच्या घरून बिरडं मागवता येतं. उपवास, जैन जेवण, हेही आधी सांगा. आयत्या वेळी साबुदाणा भिजत नाही.

कोणता महिना, कोणता वार?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात मी घेते, पण भरतीच्या वेळी जोराचा पाऊस असला तर रुळांवर पाणी येतं आणि अंबरनाथ रद्द होतं. वार रविवार किंवा सुट्टीचा. कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला स्टेशनवर उभं राहून इतिहास ऐकणं म्हणजे धक्के खाणं. १६ किंवा १९ एप्रिलला मुद्दाम येणारे असतात. उन्हाची टोपी आणा.

पैसे कसे घेता? रद्द केलं तर?

दर माणशी नाही, गटाचा एकच, आणि तो फोनवर सांगते कारण अर्धा दिवस, पूर्ण दिवस वेगळं पडतं. त्यात माझं फिरवणं आणि न्याहारी येते. लोकल, रिक्षा, जेवण तुमचं. निम्मे आधी, निम्मे संध्याकाळी. दोन दिवस आधी कळवलंत तर पूर्ण परत. आदल्या रात्री कळवलंत तर दुसरी तारीख. मी आजारी पडले तर सगळे पैसे परत आणि वर माझ्याकडून मिसळ.

आम्ही ठाण्यातच राहतो. आम्ही यायचं का?

माझ्याकडे येणाऱ्यांत अर्धेअधिक ठाणेकरच असतात. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली मंडळी, पंधरा-पंधरा वर्षं इथे राहून कोपिनेश्वराचं दर्शन न घेतलेली. त्यांना जांभळी नाक्यावर आणलं की पहिली दहा मिनिटं ती गाडी कुठे लावली याच काळजीत असतात. मग कुणीतरी भाजी घेतं, तेव्हा मी बोलायला सुरुवात करते.

बरोबर काय आणायचं?

पाण्याची बाटली, सहज काढता येणाऱ्या चपला (दिवसात तीन-चार वेळा काढाव्या लागतात), डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल, ओळखपत्र, रिक्षासाठी सुटे पैसे. आणि एक रिकामी कापडी पिशवी. भाजी तुम्ही घेणारच.